पाचशेचा दंड आणि अडीच हजारांचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेताचे बांध आणि भाऊबंदकीचे दावे होते. चौकातल्या खांबावर बसवलेला कॅमेरा नव्हता. आज ज्याच्या दारात एक दुचाकी आहे, अशा कोणावरही ती पायरी चढण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येऊ शकतो. मोबाइलवर ई-चलनाचा संदेश येतो, दंडाची रक्कम कळते आणि प्रश्न उभा राहतो : मुकाट्याने पैसे भरावेत, स्वतः भांडावे, की वकील द्यावा?

हा प्रश्न काही दिवसांपूर्वी माझ्यापुढेही उभा राहिला. एका दूरच्या शहरात माझी स्कूटर सिग्नल तोडून गेली, असे संदेशात म्हटले होते. त्या दिवशी त्या वेळी मी महाविद्यालयात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतो आणि स्कूटर आवारातल्या झाडाखाली उभी होती. दंड ५०० रुपये. छायाचित्र पाहिले तर वाहन दुसऱ्याच रंगाचे. पाटीवरच्या मळकट ३ चा कोणीतरी, बहुधा यंत्राने, ८ केला होता. परिचयाच्या एका वकिलांना विचारले. ते सरळपणे म्हणाले, "सर, माझी फी अडीच हजार होईल आणि दोन-तीन तारखा तरी पडतील. त्यापेक्षा भरून टाका." चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने अगदी योग्य होता. आणि नेमका म्हणूनच तो मला अस्वस्थ करून गेला.

हिशेब काय सांगतो?

प्रथम निव्वळ हिशेब पाहू. वकिलाची फी ही निश्चित रक्कम आहे. आपल्याकडील बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून असणारी फी ठरवता येत नाही; म्हणजे खटला जिंकला काय किंवा हरला काय, ती द्यावी लागणारच. निर्दोष सुटलेल्या नागरिकाला ती सहसा परत मिळत नाही. शिवाय कोर्टात गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या शास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात. हा सारा खर्च एका पारड्यात आणि वाचणारे पाचशे रुपये दुसऱ्या पारड्यात टाकले, तर निष्कर्षासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

गुन्हा आणि शिक्षा यांचा असा हिशेब पद्धतशीरपणे मांडणारे गॅरी बेकर हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा या विषयावरील गाजलेला निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला आणि १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विचाराचे मूळ त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला जाण्यास त्यांना उशीर झाला होता. पैसे देऊन वाहनतळावर गाडी लावावी, की रस्त्यावर नियमबाह्य लावून दंडाचा धोका पत्करावा, याचा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि गाडी रस्त्यावरच लावली. दंड झाला नाही. दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करूनच माणूस नियम मोडतो किंवा पाळतो, असे या विचाराचे सार आहे.

परंतु बेकर यांच्या गोष्टीतला माणूस दोषी होता. ज्याने काहीच केले नाही, त्याला हाच गुणाकार काय सांगतो? तो सांगतो की, दोष नसतानाही दंड भर, कारण निर्दोष असल्याचे दाखवून देणे दंडापेक्षा महाग आहे. दोषी आणि निर्दोष या दोघांनाही एकाच खिडकीकडे पाठवणाऱ्या व्यवस्थेला दंडव्यवस्था म्हणावे की पथकर म्हणावे, हा प्रश्न येथे निर्माण होतो.

वकील कोठे हवाच

याचा अर्थ वकील कधीच देऊ नये असा मुळीच नाही. दंडाचा आकडा आणि प्रकरणाचे खरे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. कलम २०० अन्वये अनेक गुन्हे तडजोड रक्कम भरून मिटवता येतात आणि मग त्याबाबत खटला चालत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने एक मेख मारून ठेवली आहे. रक्कम भरली तरी कलम २०६ खालील परवान्याबाबतची कारवाई टळत नाही. बेदरकार वाहन चालवणे किंवा दुचाकीवर हेल्मेट न घालणे अशा गुन्ह्यांत परवाना जप्त होऊन निलंबनासाठी जाऊ शकतो. घरी दुसरे वाहन असलेल्या प्राध्यापकाला तीन महिने परवाना नसणे ही गैरसोय आहे. मालमोटारीच्या किंवा रिक्षाच्या चालकाला ती तीन महिन्यांची उपासमार आहे. त्याच्या दृष्टीने प्रकरणाची किंमत हजार रुपये नसून तिमाहीची कमाई आहे. तेथे वकिलाची फी महाग ठरत नाही.

मद्यपान करून वाहन चालवण्याच्या आरोपात पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात आहेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर लवकर सुटावे म्हणून दिलेल्या गुन्ह्याच्या कबुलीचे पडसाद पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात उमटू शकतात. अशा ठिकाणी स्वतःच्या हुशारीवर विसंबणे हाच खरा उधळेपणा होय. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे यांना त्याखाली मोफत वकील मिळू शकतो. मात्र कोर्टाच्या फाटकाशी "साहेब, मिटवून देतो" म्हणत उभा असणारा मध्यस्थ या मदतीची माहिती देत नाही. दिली तर त्याचा धंदा बुडेल.

उरली ती साधी प्रकरणे. त्यांत चूक आपली असेल, तर पैसे भरावेत. तांत्रिक फट शोधण्यासाठी वकील देणे हे पैशाच्याही दृष्टीने वाईट आणि नीतीच्याही. चूक आपली नसेल, तर वकिलाऐवजी आपणच कागद हाती घ्यावा. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. माझी पहिली तक्रार एका ओळीत निकालात निघाली. दुसऱ्या वेळी मी दोन्ही वाहनांची छायाचित्रे, नोंदणीपुस्तकाची प्रत आणि महाविद्यालयाचा दाखला जोडला. काही आठवड्यांनी चलन रद्द झाले. एकूण सहा तास खर्ची पडले. शुद्ध हिशेबाने मी तोट्यातच गेलो.

निर्दोषपणाची किंमत

मला सहा तास परवडले. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी संध्याकाळी घरोघरी जेवण पोचवण्याचे काम करतो. त्याच्या नावावर चार चलने साठली होती. तीन त्याची होती, हे तो मोकळेपणाने सांगतो. चौथ्या चलनातली गाडी त्याची नव्हतीच. एक दिवस कोर्टात गेला तर एक दिवसाची कमाई जाते, आणि एका दिवसात काम होईल याची खात्री नाही. त्याने चारही चलनांचे पैसे भरले. मी शिकवतो त्या अर्थशास्त्राप्रमाणे त्याचा निर्णय बिनचूक होता, आणि हीच गोष्ट मला खुपते.

अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले की, ज्या कृतीचा लाभ सर्वांना वाटला जातो आणि खर्च मात्र एकट्यावर पडतो, ती कृती सहसा कोणी करीत नाही. चुकीच्या चलनाविरुद्ध भांडणे ही अशीच कृती आहे. एका तक्रारीमुळे यंत्राची चूक उघड झाली, तर लाभ पुढच्या हजारोंचा. श्रम मात्र एकाचे. म्हणून जो तो पैसे भरतो आणि यंत्र आपली चूक बिनबोभाट करीत राहते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यात अशा यंत्रांना मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर लावावी, अशा अटी होत्या. अटी चांगल्या आहेत. पण विचारणाराच नसेल तर त्या कागदावर राहतात.

यावर उपाय प्रत्येक चलनामागे एक वकील हा नव्हे. कायद्याच्या कलम २०८ मध्ये किरकोळ गुन्ह्याचा आरोपी घरबसल्या मनिऑर्डरच्या कुपनावरच गुन्हा कबूल करून दंड पाठवू शकतो, अशी सोय १९८८ पासून आहे. कबुली पोस्टाने चालते. मग नाकबुलीही तितक्याच सुलभतेने का चालू नये? घरून पाठवलेल्या पुराव्यावर ठराविक मुदतीत, कारणांसह निर्णय द्यावा. आणि चलन चुकीचे ठरले तर दंडाइतकी रक्कम नागरिकाला द्यावी. चूक करण्याची किंमत चूक करणाऱ्याने मोजली की चुका आपोआप कमी होतात, हे बेकर यांचे तत्त्व शासनालाही लागू पडते.

सवलतीच्या मोहिमा हा मात्र उपाय नव्हे. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या दंडावर निम्मी सूट दिली गेली आणि लोकांनी रांगा लावल्या. वेळेवर भरणारा त्यात मूर्ख ठरला, आणि ज्याच्यावर चलनच चुकीचे लादले गेले होते त्याच्या पदरात निम्मा अन्याय पडला.

तेव्हा परवाना, कैद किंवा दुखापत यांचा प्रश्न असेल तर वकील जरूर द्यावा. चूक आपली असेल तर दंड भरावा. आणि नसेल तर, ज्याला चार तास परवडतात त्याने तरी ते खर्ची घालावेत. ज्याला परवडत नाहीत त्याच्या वतीने घातलेली ती वर्गणीच आहे. पाचशे रुपये गेल्याने कोणी बुडत नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो.