नजरेला नजर

आमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी येणारी पुष्कळ मुले बोलताना मान खाली घालतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नजरेवरही पहारा होता, त्यांच्या लेकरांचे हे वागणे आम्हांस परके नाही. परंतु हीच मुले आवारातील कुत्र्याशी निःसंकोच नजर भिडवतात.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. तथापि हजारो वर्षांच्या सहवासाने तो माणसाच्या डोळ्यांत पाहण्यास शिकला. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की मालक आणि कुत्रा एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांचे नाते दृढ करणारे हेच ते संप्रेरक. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांत मात्र असे आढळले नाही.

माकडांच्या जगात रोखून पाहणे म्हणजे आव्हान. एका सहलीत लेण्यांच्या पायऱ्यांवर आमच्या विद्यार्थ्याने माकडावर नजर रोखली. ते दात विचकून धावून आले आणि पोराच्या गणवेशाची बाही फाटली. चूक आमची, आधी सांगावयास हवे होते.

शेळीचे निराळेच. आडव्या बाहुलीमुळे तिला दोन्ही बाजूंचे शिवार एकदम दिसते. चरताना मान खाली गेली, तरी डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला जवळजवळ समांतरच राहते. हे वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझंही तसंच असतं. मान खाली असते, पण मला सगळं दिसतं.”

हे तिने आमच्या डोळ्यांत पाहून सांगितले.