स्वतःचा निबंध स्वतः कसा तपासायचा? ४ सोप्या स्टेप्स

निबंध लिहून झाला की आपण वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवतो आणि देऊन टाकतो. चुका मात्र तशाच राहतात. कारण काय म्हणायचंय हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे सुटलेला शब्दही आपण मनातल्या मनात वाचून घेतो. म्हणून सगळं एका दमात तपासू नका. एका वेळी एकच गोष्ट बघा.

१. जुनी प्रत जपा: कॉम्प्युटरवर गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीमध्ये जा आणि सध्याच्या प्रतीला 'पहिला मसुदा' असं नाव द्या. आता बिनधास्त खोडा. खोडलेलं तिथून परत आणता येतं.

२. आधी मुद्दे बघा: प्रत्येक परिच्छेदात काय सांगितलंय, ते एका ओळीत कागदावर लिहा. दोन परिच्छेदांची ओळ सारखीच आली, तर एक काढून टाका. शुद्धलेखनाला अजून हात लावू नका. जो परिच्छेद उडणारच आहे, त्याच्या वेलांट्या तपासून काय उपयोग?

३. कानाने तपासा: निबंध मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. समजा, तुम्ही लिहिलंय, 'वाचनाने ज्ञानात भर पडते आणि नवीन माहिती मिळते.' ऐकताना लगेच कळतं की एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. त्यातली एक काढा आणि तिथे स्वतःचा अनुभव लिहा: 'वाचनालयातून आणलेलं पहिलं पुस्तक परत द्यायची तारीख मी दोनदा वाढवली.'

४. शेवटी शुद्धलेखन: मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम एकूण १८ आहेत. सगळे एकदम पाठ करायची गरज नाही. आपल्या नेहमीच्या चुकांची यादी करा. उदाहरणार्थ, 'गरीब'मधली री दीर्घ, पण 'गरिबाला'मध्ये ऱ्हस्व. मग कंट्रोल आणि एफ दाबून 'गरीबा' शोधा. सापडलं की दुरुस्त करा.

आता तुम्ही म्हणाल, एआय हे सगळं काही सेकंदांत करून देतं की! देतं, पण परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत हातात फक्त पेन आणि स्वतःची उत्तरपत्रिका असते. तेव्हा ही सवयच कामी येते. त्यामुळे एआयला 'सुधारून दे' म्हणू नका. 'कोणता परिच्छेद नीट कळला नाही?' एवढंच विचारा आणि दुरुस्ती स्वतः करा.