घर हलवताना (लेखांक ६) : घरातली दुसरी गाडी

मागच्या लेखांकात सामान ट्रकमध्ये चढेपर्यंतचा भाग झाला. आता उरते ती खाली पार्किंगमध्ये उभी असलेली दुसरी गाडी. पहिली गाडी बहुधा घरचेच चालवत नेतात. पुण्याहून बंगळुरूला निघालेलं कुटुंब सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असं करत साधारण साडेआठशे किलोमीटर कापतं, वाटेत एखादा मुक्काम करतं आणि पोचतं. दुसरी गाडी चालवायला मात्र दुसरा माणूस नसतो. ती कधी बायकोची स्कूटर असते, कधी वडिलांनी हौसेने घेतलेली बुलेट, कधी मुलाच्या क्लाससाठी घेतलेली छोटी कार. तिचं काय करायचं हे शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबतं. मग मूव्हर्सचा माणूस सामान बघून जाताना म्हणतो, "गाडीपण टाकू ना साहेब, काही टेन्शन घेऊ नका," आणि खाट, कपाट, वॉशिंग मशीनच्या यादीत तीही एक ओळ होऊन बसते.

तिथेच चुकतं. कपाटाने राज्याची हद्द ओलांडली म्हणून कुणी कागद विचारत नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिलसुद्धा लागत नाही. गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिची नोंद एका आरटीओत आहे, तिचा कर एका राज्याला भरलेला आहे, तिच्यावर कदाचित बँकेचा बोजा आहे आणि तिचा विमा त्या नंबरावर निघालेला आहे. ट्रेलरवर चढून ती दोन-चार दिवसांत पोचते, पण हे सगळं पुण्यातच राहतं. म्हणून "कशी न्यायची" याच्या आधी "न्यायची का" हे ठरवावं, आणि तेही निघण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी.

एकाच राज्यात जाणार असाल, म्हणजे पुण्याहून नागपूरला किंवा नाशिकहून कोल्हापूरला, तर काळजी थोडी. नंबर तोच राहतो, कर पुन्हा भरावा लागत नाही, फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा. राज्य बदललं की मात्र दोन वेगळे कायदे लागू होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. यावरून अनेकांचा समज होतो की वर्षभर काहीच करायला नको. पण हे बारा महिने नंबरापुरते आहेत. वाहनांवरचा कर हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, आणि तो कधीपासून व किती लागेल हे त्या त्या राज्याचा कर-कायदा ठरवतो. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या चढ्या करांपैकी आहे. बंगळुरूत एमएच पासिंगची गाडी अडवून कराची पावती मागितली गेल्याचे किस्से तिथल्या मराठी मंडळींकडे हवे तितके मिळतील. तेव्हा गाडीचं वय, तिची आजची किंमत, नव्या राज्यात भरावा लागणारा कर आणि नेण्याचं भाडं हे चार आकडे एका कागदावर मांडा. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आलेली स्कूटर असेल तर हिशेब बहुतेक वेळा विकण्याकडे झुकतो. दिल्ली-गुडगावकडे जाणाऱ्यांनी जुन्या गाडीबाबत दुप्पट सावध राहावं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५मध्ये निर्बंध घातले, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि पुढेही त्यात बदल होत राहिले. निघण्याच्या आठवड्यात काय स्थिती आहे ते पाहूनच गाडी हलवावी.

वडिलांची बुलेट हिशेबात बसत नाही म्हणून विकावी, असं मी कुणाला सांगणार नाही. ज्या गाडीत घराचा जीव अडकलाय ती न्यावी. फक्त पूर्ण किंमत माहीत असताना न्यावी.

न्यायचं ठरलं की पहिलं काम एनओसीचं, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना-हरकत प्रमाणपत्राचं. त्यासाठी २८ नंबरचा फॉर्म भरायचा. त्या फॉर्मवर गाडीच्या चेसिस नंबरचा ठसा लागतो, आणि इथे बरेच जण अडतात, कारण तो नंबर कुठे कोरलाय हेच ठाऊक नसतं. बुलेटसारख्या मोटारसायकलला तो साधारण हँडलखालच्या नळीवर असतो. इतर गाड्यांची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फडक्याने ग्रीस आणि धूळ पुसून काढायची, पातळ कागदाची पट्टी त्यावर घट्ट धरायची आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. अक्षरं एकेक करून कागदावर उमटतात. ती आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. जुन्या गाडीचा नंबर गंजला असेल, तर ते आत्ता घरी कळलेलं बरं. परराज्यातल्या तपासणीच्या रांगेत कळलं तर परत फिरावं लागतं.

गाडीवर कर्ज असेल तर त्याच फॉर्मवर बँकेची संमती लागते, सही-शिक्क्यासह. कर्ज फिटलंय पण आरसीवरून बोजा उतरवलेला नाही, ही फार घरांतली गोष्ट. शेवटचा हप्ता गेला की विषय संपला असं वाटतं, पण ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र आरटीओत पोचेपर्यंत कागदोपत्री गाडी बँकेकडे गहाणच असते. थकलेली ई-चलनं भरून टाकावीत. गाडीच्या चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा अहवाल आणि कर थकलेला नाही याची खात्री, हे दोन्ही आरटीओ स्वतः पाहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ नुसार अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिलं असं मानलं जातं. म्हणूनच अर्जाची तारखेसह पोच जपून ठेवा. नवा फ्लॅट मिळाला, शाळेचा प्रवेश झाला, ट्रक ठरला आणि मग आरटीओची आठवण आली, तर हे तीस दिवस आणायचे कुठून?

ज्यांची नोकरी दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलायला लावते त्यांच्यासाठी २०२१पासून बीएच मालिका आहे. सरकारी, संरक्षण दलांतले आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना हा नंबर घेता येतो. त्यात राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही आणि कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. आधी नेहमीच्या नंबरावर असलेली गाडीही बीएचमध्ये बदलून घेण्याची सोय नंतर झाली. पात्र असाल तर याचा विचार पहिल्या बदलीलाच करा.

आता प्रत्यक्ष नेणं. दुचाकीसाठी रेल्वे हा जुना आणि अजूनही चांगला मार्ग आहे. गाडी दोन प्रकारे जाते. स्वतःच्या तिकिटावर त्याच रेल्वेगाडीने लगेज म्हणून, किंवा तिकीट नसताना पार्सल म्हणून. लगेजचा दर सहसा चढा, पण गाडी आपल्याबरोबर पोचण्याची शक्यता जास्त. पार्सल जागा मिळेल तसं चढतं. पुण्याहून बंगळुरूला सोलापूर-गुंतकलमार्गे जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेससारख्या गाडीलाही पार्सलची जागा मोजकीच असते. म्हणून आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसात जाऊन विचारावं. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत न्याव्यात.

पेट्रोलच्या टाकीत थेंबही चालत नाही. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेणं हा गुन्हा आहे आणि रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हल्लीच्या इंजेक्शनच्या स्कूटरमधून पेट्रोल काढणं जुन्या गाड्यांइतकं सोपं नाही, तेव्हा शेवटच्या आठवड्यात पेट्रोल भरूच नये, जाणं-येणं करत टाकी उतरवावी आणि उरलेलं मेकॅनिककडून काढून घ्यावं. मोठ्या स्टेशनांच्या पार्सल ऑफिसबाहेर गाडी बांधून देणारे असतात. गोणपाट, पुठ्ठा आणि सुतळी एवढ्यावर त्यांचं काम चालतं, आणि हात सरावलेले असतात. तरी शेजारी उभं राहून बघावं. आरसे आधी काढून घ्यावेत. हेडलाइट, इंडिकेटर आणि ब्रेक-क्लचचे लिव्हर यांवर जाड थर हवा, कारण गाडी ढकलताना आणि डब्यात आडवी होताना मार तिथेच बसतो. हँडल लॉक उघडं, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली आपल्या खिशात. हँडल लॉक असलेली गाडी हमाल ओढतच नेणार, त्याला दुसरा इलाज नसतो. कुठून कुठे हे मोठ्या अक्षरांत दोन ठिकाणी लिहिलेलं असावं. पोचल्यावर ठरलेल्या वेळात गाडी उचलली नाही तर व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढू लागतं, आणि टाकी कोरडी असल्याने पेट्रोल पंपापर्यंत ती ढकलत न्यायची तयारी ठेवावी.

बुकिंगच्या खिडकीवर किंमत जाहीर करण्याचा रकाना असतो. बहुतेक लोक तो कोरा सोडतात. किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नाही, तर नुकसानीपोटी रेल्वेची जबाबदारी पार्सलला किलोमागे ५० रुपये आणि लगेजला १०० रुपये एवढीच राहते. ११० किलोची स्कूटर पार्सलमध्ये हरवली तर भरपाईची कमाल ५,५०० रुपये! हा आकडा माहीत असेल तर कुणी तो रकाना कोरा सोडणार नाही.

चारचाकीसाठी कार कॅरिअर. बंद ट्रेलरमध्ये सहा-आठ गाड्या एकत्र जातात, त्यामुळे गाड्या भरेपर्यंत ट्रेलर निघत नाही, आणि "चार दिवसांत" याचे दहा दिवस होऊ शकतात. चाकांना ठोकळे लावून पट्टे चाकांवरूनच आवळलेले असावेत. गाडी यार्डपर्यंत आणि यार्डातून घरापर्यंत त्यांचा ड्रायव्हर चालवतो, त्यामुळे मीटरवरचे किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि चारही बाजू यांचे फोटो देताना त्याच्यासमोर काढावेत. ट्रेलर न भरल्यामुळे गाडी थेट रस्त्याने चालवत नेण्याचे प्रकार घडतात, आणि ते फक्त त्या मीटरवरूनच उघड होतात. गाडीत भांड्यांचे खोके, गाद्या भरू नयेत. गाडीच्या विम्यात ते येत नाहीत, आणि काच फुटते ती बहुतेक त्यांनीच. काचेवरचा फास्टॅग उघड्या ट्रेलरवर चालूच राहतो, नाक्यावरचं यंत्र तुमचाही टॅग वाचतं आणि टोल तुमच्या खात्यातून जातो. टॅगवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी चिकटवली की पुरतं.

वाहतूकदाराकडून छापील बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर आणि जाहीर किंमत दोन्ही हवं. २००७चा रस्तामार्गे मालवाहतुकीचा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की जादा किंमत जाहीर केली नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. बारा हजार भाडं दिलेल्या आठ लाखांच्या गाडीला एक लाख वीस हजार. बिलात तीन टक्के "ट्रान्झिट इन्शुरन्स" लावलेला असतो, त्याची पॉलिसी मागा, विमा कंपनीच्या नावासह. ती दाखवता येत नसेल तर ते पैसे देऊ नका.

खरं तर तुमच्या गाडीचा स्वतःचा विमा इथे कामी येतो आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. गाडीच्या सर्वंकष पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग किंवा विमानाने गाडी नेली जात असताना होणारं नुकसान धरलेलं असतं. पण अट एवढीच की पॉलिसी सर्वंकष हवी. घरातली दुसरी गाडी जुनी असते, म्हणून तिचा विमा बहुधा फक्त थर्ड पार्टी काढलेला असतो, आणि त्यात आपल्या गाडीच्या नुकसानीला दमडीही मिळत नाही. निघण्यापूर्वी पॉलिसी काढून हे एकदा वाचाच.

गाडी पोचली की सही करण्याआधी तिच्याभोवती उजेडात फिरून पाहा. ओरखडा दिसला तर पावतीवरच लिहा, फोटो काढा, मग सही करा. ड्रायव्हरला घाई असते, ती त्याची अडचण. वाहकावर दावा लावायचा तर त्याला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेलेली असावी लागते. रेल्वेकडे सहा महिन्यांच्या आत.

यापुढचं काम नव्या आरटीओत. २७ नंबरचा फॉर्म, एनओसी, तिथला कर, गाडीची तपासणी आणि मग नवा नंबर, नवी हाय सिक्युरिटी पाटी. नवा नंबर विमा कंपनीला आणि फास्टॅगच्या बँकेला कळवायचा. पुणे आणि बंगळुरू ही दोन्ही शहरं विम्याच्या 'अ' विभागात मोडतात, त्यामुळे त्या कारणाने हप्ता बदलत नाही. नागपूरहून जाणाऱ्याचा बदलू शकतो.

आणि केए पासिंगची आरसी हातात पडली की तिची प्रत, एनओसीची प्रत आणि मूळ कराची पावती जोडून पुण्याच्या आरटीओकडे कराच्या परताव्याचा अर्ज करायचा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करापैकी उरलेल्या काळाचा हिस्सा ठरलेल्या तक्त्यानुसार परत मिळतो. तो आपणहून खात्यात येत नाही, मागावा लागतो. तोवर नवं घर लागलेलं असतं, मुलांची शाळा सुरू झालेली असते, पुण्याला फेरी होत नाही आणि कराची पावती कुठल्या खोक्यात गेली ते सापडत नाही. म्हणून ती पावती सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा आणि बँक खात्याचा रद्द केलेला धनादेशही तिच्याबरोबरच असू द्या.