शतांश सेकंदाचे मोल

जैन दर्शनाने काळाच्या सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य घटकास ‘समय’ ही संज्ञा दिली आहे. असंख्य समय मिळून एक आवलिका होते. प्रवचनात हे ऐकताना ती केवळ तात्त्विक कल्पना वाटते. परंतु व्यवहारातही काळाचा सूक्ष्म अंश किती निर्णायक ठरू शकतो, हे कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की उमगते.

खाडे यांचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. बालवयातच पाण्याशी नाते जडलेल्या या मुलाने पुढे घर सोडून बंगळूर येथे प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे साधना केली. वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात २४.३१ सेकंद वेळ नोंदवून त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९८६ मध्ये सेऊल येथे खजानसिंग यांनी रौप्यपदक पटकावल्यानंतर जलतरणात भारताला आशियाई पदक लाभले ते तब्बल २४ वर्षांनी! २०११ च्या अर्जुन पुरस्काराने या यशाचा गौरव झाला.

त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ते तहसीलदार झाले आणि मालवणसारख्या ठिकाणी त्यांनी काम पाहिले. प्रशासनाची जबाबदारी आणि अव्वल दर्जाचा सराव यांची सांगड घालणे सोपे नव्हे. सरावात खंड पडला. जलतरणात असा खंड फार महाग पडतो, कारण पाण्याची ‘पकड’ आणि श्वासाची लय नित्य सरावावाचून टिकत नाही. तरीही ते पुन्हा तलावात उतरले.

२०१८ ची जकार्ता येथील आशियाई स्पर्धा. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र त्यांची वेळ २२.४७ सेकंद झाली. कांस्यपदक गेले जपानच्या जलतरणपटूकडे. त्याची वेळ होती २२.४६! फरक केवळ एका शतांश सेकंदाचा. प्राथमिक फेरीतील वेळ अंतिम फेरीत साधली असती, तर कांस्यपदक खाडे यांचे झाले असते.

थोडे गणित करून पाहू. ५० मीटर अंतर २२.४७ सेकंदांत, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन मीटर. या वेगाने एका शतांश सेकंदात अंतर कापले जाते जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढे. या शर्यतीत तलावाची एकच लांबी पोहायची असते. वळण नाही की चूक सावरायला उसंत नाही. उडी घेण्यातील किंचित विलंब, एखादा अधिकचा श्वास, किंवा भिंतीला हात लावताना अपुरा राहिलेला एक हात, यांपैकी काहीही निकाल फिरवू शकते. बीजिंगच्या ज्या ऑलिंपिकमध्ये किशोरवयीन खाडे उतरले होते, तेथेच १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स यांनी मिलोराद चाविच यांना याच एका शतांशाने मागे टाकले होते. शेवटच्या क्षणी चाविच हात लांबवून भिंतीकडे सरकत राहिले. फेल्प्स यांनी आणखी अर्धा हात मारला. तेवढ्याने सुवर्ण आणि रौप्य ठरले.

असा निसटता पराभव माणसाला कडवट करू शकतो. वयाच्या सत्ताविशीत, वेगाच्या या खेळात, तेथेच थांबणेही स्वाभाविक ठरले असते. खाडे थांबले नाहीत. पुढील पाच वर्षे ते पोहत राहिले. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले आणि मगच स्पर्धात्मक जलतरणाचा निरोप घेतला. त्यांच्या पत्नी ऋजुता यांनीही त्याच स्पर्धेत महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवले, हा योग विशेष आनंदाचा.

लाभ-अलाभात समभाव राखावा, असे आपण सामायिकात चिंतन करतो. फळ हाती आले नाही म्हणून पुरुषार्थ सोडायचा नाही, हा त्याचाच दुसरा पैलू. परीक्षेत एका गुणाने मागे पडलेल्या आपल्या नातवंडाला उपदेशाऐवजी जकार्ताची ती शर्यत सांगावी. आणि गोव्यातील सुवर्णपदकाची गोष्ट सांगितल्यावाचून मात्र उठू नये.