चिठ्ठी दहा दिवसांची

आमच्या आज्जीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या तिने चौदा महिने घेतल्या. आणून देणारी मीच. कॉलेज सुटले की वाटेतल्या औषधाच्या दुकानात जुनीच चिठ्ठी दाखवायची, दोन पाकिटे वह्यांच्या पिशवीत टाकायची आणि बस पकडायची. दुकानदार ओळखीचा. त्याने कधी विचारले नाही, मीही कधी सांगितले नाही.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी दुभाष्याचे काम केले होते. आज्जीला बाजारापुरते कन्नड येते, पण दुखणे सांगायचे म्हणजे तिला मराठीच लागते. ‘नोवु एल्लि इदे?’ डॉक्टरांनी विचारले. दुखते कुठे, हे मी दोन्ही भाषांत नीट पोचवले. गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे मात्र चिठ्ठीवरच राहून गेले.

गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल होते. हे अफूच्या गोत्रातले औषध. ते कारखान्यात तयार होते, अफूच्या चिकापासून नव्हे. पण मज्जासंस्थेत मॉर्फिन जिथे जाऊन काम करते तिथेच हेही पोचते आणि वेदनेचा निरोप मंद करते. रोज मिळू लागले की शरीर त्याला सरावते. मग तेवढ्याच आरामाला जास्त मात्रा लागते आणि एकाएकी बंद केले तर शरीर बंड करते. याला लगेच व्यसन म्हणू नये. व्यसनात नुकसान दिसत असूनही मन औषधाच्या मागे धावते. आमच्या आज्जीचे मन धावत नव्हते, शरीर तेवढे अडकले होते.

ते कळले दिवाळीत. गोळ्या संपल्या आणि दुकान बंद. दुसऱ्या दिवशी आज्जीला घाम, जांभया, पोटात मुरडा. रात्री पाय एका जागी ठरेनात. घरात सगळ्यांनी दोष फराळाला दिला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडले, गोळी पोटात गेली आणि तास-दीड तासात आज्जी शांत झोपली. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग वाचायला बसले. या विषयावरचे आकडे मुख्यतः अमेरिकेतले आहेत. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. कर्करोग नसलेल्या ज्या रुग्णांना ही औषधे नव्यानेच सुरू झाली, त्यांतले किती जण वर्षानंतरही ती घेत होते? पहिला पुरवठा किमान एक दिवसाचा असेल तर शंभरात सहा. आठ दिवस किंवा अधिक असेल तर तेरा-चौदा. एकतीस दिवस किंवा अधिक असेल तर जवळजवळ तीस. आता, ज्याचे दुखणे मोठे त्याला पहिल्यापासूनच जास्त दिवसांची चिठ्ठी मिळणार, हे संख्याशास्त्राच्या तासाला बसणारा कोणीही म्हणेल आणि ते खरेही आहे. तरी हा चढ डोळ्यांत भरतोच.

नमुना कसा फसवतो याचे उदाहरणही याच विषयात सापडले. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले: रुग्णालयात ही औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडले फक्त चौघांना. हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले, देखरेखीखालचे. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांशी त्यांचा काय संबंध? पण पुढे शेकडो लेखांत त्या पत्राचा आधार घेतला गेला. १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, तेही व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगत. २००७ साली कंपनीने न्यायालयात दिशाभूल कबूल केली. तोवर माल खपला होता. २०१२ साली अमेरिकेत अशा औषधांच्या पंचवीस कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. आम्हाला विक्रयकलेत शिकवतात ते सगळे त्या कंपनीने केले, असे मला वाचताना वाटले आणि जरा ओशाळल्यासारखे झाले.

बरे, गुडघ्याला एवढ्याचा उपयोग तरी होतो का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाठ, खुबा किंवा गुडघा दीर्घकाळ दुखणारे २४० रुग्ण होते. निम्म्यांना ही औषधे दिली, निम्म्यांना साधी वेदनाशामके. वर्षभरानंतर पहिल्या गटाची हालचाल काही अधिक सुधारली नव्हती.

हे वाचून कोणी कर्करोगाच्या रुग्णाच्या उशाची मॉर्फिनची गोळी उचलून ठेवू नये. तो हिशेब अगदी वेगळा. तिथे गोळी दुखण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची असते. आपल्या देशात नीमच आणि गाझीपूरला अफूचे सरकारी कारखाने, आणि रुग्ण मात्र तळमळत, अशी स्थिती होती. १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला, परवान्यांचे जंजाळ वाढले आणि १९९७ साली सबंध देशात औषध म्हणून जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरले गेले. कोझिकोडच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. आमच्या गल्लीतल्या एका काकांना मात्र शेवटचे दोन महिने ‘अफू नको’ म्हणून घरच्यांनीच ती गोळी दिली नाही. एकाच गोत्रातले औषध: एका घरात नको तेवढे, दुसऱ्या घरात हवे तेवढेही नाही.

ट्रॅमाडॉलच्या विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवण्याचा नियम मार्च २०१४ पासून आहे: डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, किती दिले. २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. त्या दुकानात अशी वही उघडलेली मी कधी पाहिली नाही. जमाखर्च शिकणाऱ्या मुलीला ते चौदा महिने खटकलेही नाही!

शेवटी आज्जीला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी सगळे सांगितले, माझ्या पिशवीसकट. ते रागावले नाहीत. एकदम बंद करू नका म्हणाले आणि दर पंधरवड्याला थोडी थोडी मात्रा उतरवत नेणारा तक्ता लिहून दिला. शिवाय मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम. तक्ता स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावला आहे, रोज रात्री मी त्यावर खूण करते. सध्या आज्जी अर्ध्या गोळीवर आहे. गुडघे दुखतातच. काल काठी घेऊन देवळापर्यंत गेली आणि परत येऊन मला म्हणाली, ‘अगं, ते पाय वर करायचे किती वेळा सांगितलंय त्यांनी? तू नीट विचारलंस ना?’