टाकाऊ संगणकातील लोहचुंबक

शाळेच्या प्रयोगशाळेतील नालाकृती लोहचुंबक सर्वांच्या परिचयाचा आहे. अंगाला लाल रंग दिलेला आणि दोन्ही टोकांवर लोखंडाची आडवी पट्टी ठेवून जपलेला असा तो असतो. त्याहून पुष्कळ बलवान चुंबक निकामी संगणकाच्या पोटात असतो आणि संगणकाबरोबर तोही भंगारवाल्याकडे वजनावर विकला जातो, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. तो बाहेर कसा काढावा व घरच्या कामास कसा लावावा, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

हा चुंबक निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांपासून बनतो. निओडिमियम हा धातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली शोधून काढला. परंतु त्याचा चुंबक होण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो स्वतंत्रपणे सिद्ध केला. ध्वनिक्षेपकाच्या पाठीशी असणाऱ्या काळ्या फेराइट चुंबकाशी तुलना केली, तर तेवढ्याच आकारमानात याची शक्ती सुमारे दसपट भरते. आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत हा धातू आहे, पण तो वेगळा करणे फार कष्टाचे काम. इतक्या कष्टाने मिळविलेला हा धातू पुढे कोठे जातो? कारखान्यात जुने संगणक यंत्राने चुरले जातात, तेव्हा चुंबकाचे तुकडे लोखंडास चिकटून त्याच्याबरोबर भट्टीत जातात आणि निओडिमियम मळीत नाहीसा होतो.

संगणकातील माहिती ज्या चपट्या डबीत साठविलेली असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. (नव्या संगणकांत तिच्या जागी बहुधा फिरती चकती नसलेली एस. एस. डी. असते, तीत असा चुंबक सापडावयाचा नाही.) डबी उघडण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी, कारण तीत कोणाची तरी पत्रे व छायाचित्रे असतात. स्क्रूंची डोकी सहा टोकांच्या ताऱ्यासारखी असतात. त्यांस टॉर्क्स नावाचा पेचकस लागतो. काही स्क्रू वरच्या कागदाखाली दडलेले असतात, ते बोटाने चाचपून शोधावेत. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण लहान डिस्कमधील चकती काचेची असू शकते व ती फुटली तर तिचे कण उडतात. आत एका कोपऱ्यात पोलादाच्या दोन जाड पट्ट्या समोरासमोर बसविलेल्या दिसतील. चुंबक त्यांच्यावरच डिंकाने चिकटविलेले असतात.

येथे बहुतेकांचा हात छिन्नीकडे जातो. चुंबक पट्टीपासून सोडवावा असे वाटते, पण आमच्या मते तो सोडवूच नये. कारण समजण्यासारखे आहे. या चुंबकाच्या एकाच पृष्ठभागावर अर्धा भाग उत्तर ध्रुव आणि उरलेला दक्षिण ध्रुव असतो. पाठीमागची पोलादी पट्टी या दोन अर्धांना मागून जोडते, म्हणून बळ मागे वाया न जाता सारे पुढे एकवटते. नालाकृती चुंबक वाकविलेला असतो तो याचसाठी, की दोन्ही ध्रुव एका बाजूस यावेत. म्हणजे संगणकातील हा ठोकळा एक आखूड नालच होय! शिवाय पट्टीला बहुधा भोके आयतीच असतात. त्यांतून स्क्रू घालून तो फळीवर बसविता येतो. सोडविलाच पाहिजे, तर पट्टी शेगड्यात धरून दुसऱ्या बाजूने पान्याने किंचित वाकवावी, डिंक तडकतो. तापविणे मात्र वर्ज्य. साधारण प्रतीचा असा चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर आपले बळ गमावू लागतो.

चुंबक चिनी मातीसारखा ठिसूळ असतो. दोन चुंबक झेपावून एकमेकांवर आदळले, की कपच्या उडतात आणि मध्ये बोट असेल तर चामडी चिमटली जाते. त्यांस वेगळे करताना ओढू नये, बाजूला सरकवावे. याहून मोठा धोका लहान मुलांचा आहे. असे दोन लहान चुंबक पोटात गेले, तर आतड्याचे पापुद्रे मध्ये सापडून त्यास भोक पडू शकते. तशी शंका जरी आली, तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. हृदयास पेसमेकर बसविलेल्या आजोबा-आजींपासूनही हे चुंबक दूर ठेवावेत.

आमच्या गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत आणखी एक पथ्य पाळावे लागते. चुंबकावर निकेलचा चकचकीत मुलामा असतो. तो खरवडला गेला, की आतला चुंबक गंजतो व पुढे त्याचा भुगा होतो. म्हणून उघड्या कडेवर लाखेचा किंवा नखरंगाचा हात द्यावा.

भिंतीवरील फळीवर असे चार ठोकळे ओळीने बसविले, तर पेचकस, पक्कड, कात्री यांस खिळ्यांची गरज उरत नाही. शिवणकामात सांडलेल्या टाचण्या वेचण्यास एकच पुरतो. समुद्रावरील काळी वाळू वेचून पाहण्याचा मोह होईल. तेव्हा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असावा, नाही तर ती बारीक पूड त्याच्या अंगावरून काही केल्या निघत नाही. होकायंत्र मात्र जवळ आणू नये, त्याची सुई उलटी होऊन बसण्याचा संभव असतो.

मोठ्या डिस्कमधील चकत्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, त्याही टाकू नयेत. चार-पाच चकत्यांची चवड करून ती तिरपी धरावी आणि चुंबक तिच्यावरून घसरू द्यावा. ॲल्युमिनियम चुंबकास चिकटत नाही, तरीही मधात पडल्यासारखा तो सावकाश उतरतो. सरकत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते त्याच्या गतीला विरोध करतात. हा विरोधाचा नियम लेंझ यांनी १८३४ साली मांडला. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तो पाठ असतोच. या चवडीवर तो डोळ्यांनी पाहता येतो.