पदवीनंतरचा अभ्यास

अर्धांगवायूचा झटका आलेल्या मनुष्याला बिछान्यावरून किती लवकर उठवावें? घरची मंडळी म्हणतात, ‘पडूं द्या, विश्रांति मिळूं द्या.’ फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ, म्हणतात, ‘उठवा.’ त्यांचें म्हणणें साधार आहे. निजून राहिल्यानें छातींत कफ सांचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठतें, पाठीला जखमा होतात. तेव्हां जितकें लवकर आणि जितकें अधिक तितकें बरें, अशी अनेक तज्ज्ञांची समजूत झाली होती.

ही समजूत कसोटीस लावण्याचें काम ऑस्ट्रेलियांतील ज्यूली बर्नहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हातीं घेतलें. २००६ ते २०१४ या काळांत पांच देशांतील ५६ रुग्णालयांत त्यांनीं २१०४ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें, दोन गट पाडले. एका गटाला नेहमींचे उपचार. दुसऱ्याला २४ तासांच्या आंत उठवून पुनःपुन्हां बसविणें, उभें करणें, चालविणें. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनीं रोजचे व्यवहार स्वतः करूं शकणारे पहिल्या गटांत शेंकडा ५० निघाले, दुसऱ्या गटांत ४६. ज्यांच्यावर अधिक मेहनत घेतली तेच मागें राहिले!

मग घरच्यांचेंच खरें ठरलें काय? मुळींच नाहीं. नेहमींच्या उपचारांतहि निम्म्याहून अधिक रुग्णांना २४ तासांच्या आंत उठविलेलेंच होतें. पुढील विश्लेषणांत असें दिसलें कीं, थोडा थोडा वेळ, पण अनेकदां उठविणें हितकर. एका दमांत फार वेळ नव्हे. म्हणजे केवळ मथळा वाचणारा चिकित्सक रुग्णाला आठवडाभर निजवील, आणि कांहींच न वाचणारा पहिल्याच दिवशीं दमवील. दोहोंत अधिक घातक कोण, हें सांगणें कठीण!

महाराष्ट्रांत डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं व्याख्यानें, परिषदा यांतून गुण मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. परंतु सभागृहांतील हजेरी म्हणजे अभ्यास नव्हे. मला अधिक भरंवसा वाटतो तो रुग्णालयांतील लहानशा वाचनमंडळाचा. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व परिचारिका एकत्र बसून एकच निबंध वाचतात. त्यांतले रुग्ण आपल्या रुग्णांसारखे होते काय? उपचाराची मात्रा किती होती? दुसऱ्या गटाला नेमकें काय मिळालें? इतकें झाल्यावर आपल्याच कक्षांतील तक्ता काढावयाचा, आणि काल कोणाला किती वेळां, किती मिनिटें उठविलें, तें पडताळून पाहावयाचें. तक्त्यांत मिनिटांची नोंदच नसेल, तर ती त्याच दिवसापासून सुरू करावयाची.